पहिला तास आणि भाकरीचा डबा

५ जुलै १९७८, बिदर

रोज लिहायचं असं ठरवलेलं नाही. लिहिण्यासारखं असेल त्या दिवशी लिहीन.

गेल्या वर्षी कमलनगरच्या आमच्या मराठी हायस्कुलातून एस.एस.एल.सी., म्हणजे मॅट्रिक, झालेली मुलं इथं बिदरला कॉलेजात पी.यू.सी.च्या वर्गाला आली. दिवाळीनंतर त्यांतलं एकही राहिलं नाही. कारण विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच, "जमलं न्हाई, बाई." हे काही उत्तर नव्हे.

यंदा दोघं आली आहेत. विमल, पिराजी डोंगरेची मुलगी, आणि हावगेप्पा. दोघांच्याही घरात हायस्कूलचं तोंड पाहिलेलं कुणी नाही. मी निवृत्त होऊन धाकट्या भावाकडे, अच्युतकडे राहते आहे, तोही कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेला; वेळ भरपूर आहे. ही दोघं मार्चची परीक्षा देतील, असं मी ठरवलं आहे.

अच्युतला सांगितलं. तो म्हणाला, "अक्का, पेन्शन घेतलीस ना तू? का परत करून आलीस?"

११ जुलै

संध्याकाळचा वर्ग सुरू केला. पुढच्या खोलीतली सतरंजी गुंडाळून टेबल-खुर्च्या मांडल्या. कॉलेजात बाकावर बसायचं आहे, सतरंजीवर नाही.

हावगेप्पा अनवाणी आला. कॉलेजात वर्गाबाहेर चपला काढून ठेवल्या होत्या, बाहेर येईपर्यंत गेल्या.

"बाकीच्यांनी काढल्या होत्या का?"

"न्हाई बाई. समदे घालूनच आत गेले."

"मग तू कामून काढल्यास?" मीही त्याच्याच भाषेत विचारलं.

"शाळा हाय न्हवं."

पहिला नियम सांगितला की चपला घालून आत जायचं. त्याला हे पटवायला इंग्रजीच्या पहिल्या धड्याहून जास्त वेळ लागला.

हजेरीचंही तेच. सर नंबर पुकारतात, नाव नाही, आणि तोही इंग्रजीत. हावगेप्पाचा नंबर चौऱ्याऐंशी. आठवडाभर तो हजर असून गैरहजर होता. विमलला नंबर कळतो, पण तिचा आवाज पहिल्या बाकापर्यंतही जात नाही. तिला रस्त्याच्या पलीकडे उभं केलं आणि इथून नंबर पुकारला. "प्रेझेंट सर" मला नीट ऐकू येईपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. शेवटी समोरचे वकील गॅलरीत आले.

२३ जुलै

मुलांना इंग्रजीचा बाऊ वाटतो. मी हैदराबादला कॉलेजात गेले तेव्हा इतिहाससुद्धा उर्दूत शिकवायचे. घरी मराठी, रस्त्यावर कानडी, एवढ्या शिदोरीवर मी गेले होते. पहिल्या सहामाहीपर्यंत उर्दू आली. रडले नाही. हे दोघांना सांगितलं.

ती गेल्यावर अच्युत म्हणाला, "मामांचं घर कॉलेजच्या मागच्याच गल्लीत होतं. मामी तुला दूध घेऊन उठवायची. हे सांगितलंस का?"

दुधाचा आणि उर्दूचा संबंध काय, ते मला कळलं नाही.

९ ऑगस्ट

वाचनालयात विमलचे इंग्रजीचे सर भेटले. धारवाडकडचे आहेत, तरुण आहेत. म्हणाले, ही मुलगी पहिल्या तासाला जवळजवळ कधीच नसते. पुढच्या सगळ्या तासांना असते. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देणार नाहीत.

संध्याकाळी विमलला उभं केलं. खाली बघून बोलली.

"डबा आणायला जाते, बाई."

"कसला डबा?"

"आईचा. सकाळच्या बसला येतो. मीच जावं लागतंय, न्हाई तर बस डबा घेऊन पुढं जाते."

बिदरला ती मावशीकडे राहते. मावशीनं झोपायला जागा दिली आहे, जेवणाचं ज्याचं त्यानं बघायचं. तेव्हा आई पहाटे उठून भाकऱ्या करते, कमलनगरच्या स्टँडपर्यंत चालत येते आणि डबा कंडक्टरच्या हाती देते. बस इथं पोचते तेव्हा कॉलेजात पहिला तास चालू झालेला असतो. संध्याकाळच्या बसनं रिकामा डबा परत जातो.

एका भाकरीसाठी मुलगी इंग्रजी घालवते आहे.

१० ऑगस्ट

स्टँडवर जाऊन पाहिलं. ड्रायव्हरच्या मागच्या फळीवर डबेच डबे. फडक्यात बांधलेले, कुणाला लाल दोरा, कुणाला चिंधी. पोरं बसला गराडा घालून उभी. कंडक्टर गुंडेराव नावानं हाक मारून एकेक डबा देतो. "भालकीवाला कोण रे? तुझ्या आईनं आज लोणचं सांडवलंय, माझी बॅग वास मारायलीय!" सगळे हसतात. त्या गर्दीत विमल एकटीच मुलगी.

हावगेप्पाही तिथं होता. त्याचा पहिला तास रिकामा असतो. मी त्याला म्हटलं, "रोज विमलचा डबाही तूच घेऊन जात जा. इतकी सोपी गोष्ट सुचू नये?"

तो कानापर्यंत लाल झाला. "बाई, नको."

"का?"

"गावात कळलं तर... आमच्या अव्वाला कळलं तर, बाई."

"काय कळेल? डबा उचलल्याचं?"

आईच्या नावानंच घाबरून तो आपला डबा घेऊन चालता झाला. मुलग्यांना या वयात मुलींच्या वाऱ्यालाही उभं राहवत नाही.

१४ ऑगस्ट

मार्ग काढला. विमल दोन्ही वेळा आमच्याकडे जेवेल. आज पहिला दिवस. स्वयंपाकाच्या ईरम्मानं तिला मागच्या सोप्यात वाढलं, कडेच्या ताटात. आईच्या वेळेपासून आल्यागेल्यांसाठी ती ताटं वेगळी ठेवलेली आहेत. विमल थोडंच जेवली. मग कुणी न सांगता तिनं ताट स्वतः घासलं आणि बाहेर धुण्याच्या दगडाशी पालथं घातलं. मुलीला वळण चांगलं आहे.

अच्युतनं विचारलं, "तिला आपल्यात का नाही बसवलंस?"

"टेबलावर तुझी औषधं आणि वर्तमानपत्रं असतात, जागा कुठाय?"

तो उठला आणि वर्तमानपत्रं उचलून आत घेऊन गेला. निवृत्तीनंतर पुरुष चिडचिडे होतात.

२१ ऑगस्ट

पुन्हा पहिला तास बुडवला! डबा अजून येतोच आहे. "आई पाठवतीच, बाई. आला की आणायला जावं लागतंय."

तडक स्टँडवर गेले. गुंडेरावला सांगितलं, "उद्यापासून विमल डोंगरेचा डबा घ्यायचा नाही."

त्यानं तिकिटांचा गठ्ठा खाली ठेवला. "बाई, डबा न्हाई कामून म्हणायचं? मी काय वजन करून घेतो का?"

"मुलीचा अभ्यास बुडतो आहे. तिचं जेवण आमच्याकडे आहे. तिच्या आईला तसा निरोप द्या."

"निरोप देतो. पर ती बाई दोन वर्षाचं लेकरू मांडीवर घेतल्यावानी डबा घेऊन येते. तिला न्हाई म्हणायचं तोंड मला द्या उसनं."

असल्या बोलण्याला मी उत्तर देत नाही.

३० ऑगस्ट

विमल आठवडाभर पहिल्या तासाला हजर. इंग्रजीच्या सरांनी स्वतः येऊन सांगितलं. प्रश्न नीट मांडला की सुटतो.

मुलगी थोडी उतरली आहे. ईरम्मा म्हणते, भात चिवडते आणि उठते. भाकरीची सवय आहे, हळूहळू जाईल.

४ सप्टेंबर

पिराजी काल येऊन विमलला गावी घेऊन गेला. मावशीला नीट काही सांगितलं नाही. पुस्तकंसुद्धा नेली. हावगेप्पाला कमलनगरहून कळलं ते असं, की उदगीरकडचं स्थळ आहे, मुलगा रेल्वेत आहे.

सगळं सुरळीत लागलेलं असताना!

१० सप्टेंबर

आज रविवार. पहिल्या बसनं कमलनगर, तिथून चालत गाव. चिखल फार होता. परत आल्यावर हे लिहिते आहे.

विमलची आई भागाबाई अंगणात उडीद बडवत होती. मला बघून तिचा हात थांबला नाही. "बसा, बाई." पिराजी बाजेवरून उठला आणि बाज मला दिली. विमलनं पाणी आणून दिलं आणि आत गेली.

मी सरळ विचारलं, "अर्ध्यातून मुलगी का आणली?"

पिराजी म्हणाला, "तुमीच तर डबा माघारी लावलाव, बाई. आमी काय समजावं?"

"जेवणाची सोय आमच्याकडे केली आहे, असा निरोप होता."

"निरोप आला की. पर गावाला निरोप दिसतोय का? गावाला डबा दिसतोय. हिनं भरला डबा न्यायचा अन् भरलाच घेऊन यायचा. ह्या वाटंनं, समद्यांच्या दारावरून. दुसऱ्याच दिवशी माजी भावजय इचारायलीय, पोरगी हाय का गेली कुणासंगं?"

"आणि तुम्ही ते ऐकून घेतलंत?"

आता भागाबाईनं काठी खाली टाकली. "बाई, तुमच्या कालेजात हजेरी घेतेत न्हवं?"

"घेतात."

"तशी माजी बी हजेरी हाय. सकाळी भरला डबा जातोय, सांजच्याला रिकामा येतोय. रिकामा आला की म्या उंबऱ्याम्होरं पालथा घालते. दिराला दिसतोय, जावंला दिसतोय, ह्यानला दिसतोय. लेक जाग्यावर हाय, खायलीय, शिकायलीय. एवढ्याच्या जिवावर म्या दोन महिने ह्या माणसाला गप बसवलं होतं. तुमी माजी हजेरीच मोडलाव."

"पण तोंडानं सांगायचं ना, की बाईंकडे आहे म्हणून!"

"माजं तोंड? ते कोण ऐकतंय, बाई? डब्याचं ऐकतेत."

पिराजी जमिनीकडे बघत म्हणाला, "स्थळ चांगलं हाय. बहिणीनं आणलंय. पोरीला काय झालं म्हंजी गाव मलाच धरील."

मी विचार केला. फार वेळ लागला नाही. म्हटलं, "डबा चालू राहील. विमल मात्र स्टँडवर जाणार नाही. मी जाईन. डबा उतरवून पहिल्या तासानंतर कॉलेजच्या फाटकाशी देईन आणि संध्याकाळी रिकामा बसमध्ये ठेवीन. चालेल?"

पिराजी हसला. "तुमी? स्टँडवर?"

"का, मला पाय नाहीत?"

"आमचा डबा?"

"मग दुसऱ्या कुणाचा? विमलचाच ना!"

त्यानं अंगणातली काडी उचलून मोडली. बहिणीला काय सांगायचं याचा विचार करत असावा. मग म्हणाला, "परीक्षेपतूर. त्येच्या म्होरं बगू."

चहा आला. मला कपबशी, बाकीच्यांना पेले. मी पिईपर्यंत कुणी पेल्याला तोंड लावलं नाही, सगळे माझ्याकडे बघत होते. पाहुण्याचा मान ठेवायची या घरात चांगली पद्धत आहे. चहात साखर फार होती.

विमलला विचारलं, "तुला यायचं आहे ना?"

"यायचंय." हा आवाज पहिल्या बाकापर्यंत गेला असता.

परतीच्या बसमध्ये भालकीपर्यंत विमल पुस्तकांचं गाठोडं सावरत होती. मग म्हणाली, "बाई, मला इचारला असता तर मीच सांगितलं असतं."

"मग सांगायचं होतं."

"तुमी इचारलाच न्हाई."

उलट बोलायला लागली. कॉलेजचा हा पहिला परिणाम.

१२ सप्टेंबर

प्राचार्यांना भेटले. भला माणूस आहे, पण नियमावर बोट ठेवून बोलतो. इंग्रजीत विमलची हजेरी इतकी कमी आहे, की इथून पुढे एकही तास चुकला नाही तरच ती काठावर बसेल. ताप आला तरी चालणार नाही, म्हणाले. विमलला हे जसंच्या तसं सांगितलं.

"ताप आला तरी येते, बाई."

"येशीलच. मी आणून बसवीन."

२५ सप्टेंबर

रोज स्टँड. पहिल्या दिवशी पोरांच्या गराड्यात मला कुणी वाट देईना. छत्रीचा उपयोग झाला. आता गुंडेराव बस थांबायच्या आधीच ओरडतो, "सरका रे, हेडबाई आल्यात! पहिला डबा त्यांचा!" हे थांबवायला सांगितलं, थांबत नाही.

अच्युत म्हणतो, "कलेक्टर कचेरीतले लोक विचारतात, बहिणीनं हमालीचा बिल्ला काढला का?"

"सांग, अर्ज केलाय म्हणून."

एक पाहिलं. डबा हातात घेतल्यावर विमल आधी फडक्याला हात लावून बघते, गरम आहे का. साठ किलोमीटरवरून आलेली भाकरी गरम कशी राहील? भौतिकशास्त्र कच्चं आहे, त्यावर काम करायला हवं.

२० नोव्हेंबर

हावगेप्पा दिवाळीला गेला तो आला नाही. दोन पत्रं टाकली. उत्तर नाही. हा टिकेल अशी माझी खात्री होती. इंग्रजी त्याचं विमलपेक्षा चांगलं होतं, पैशाची अडचण नव्हती, घरी लग्नाचा विषय नव्हता. शेवटच्या वर्गाला मी त्याला एक शब्द चुकला म्हणून तो पाठ होईपर्यंत उभं केलं होतं, विमलसमोर. एवढ्यावरून कुणी कॉलेज सोडत नाही.

१६ जानेवारी १९७९

विमलनं आज इंग्रजीच्या तासाला हात वर करून प्रश्न विचारला. सर म्हणाले, प्रश्न चुकीचा होता, पण आवाज मोठा होता. चुकीचा प्रश्न दुरुस्त करता येतो.

थंडी आहे. स्टँडवर गुंडेराव मला त्याच्या किटलीतला चहा देतो. मी घेते.

८ मार्च

आज डबा आला नाही.

गुंडेराव म्हणाला, भागाबाई स्टँडवर आली नव्हती. दोन मिनिटं बस थांबवून बघितली. एवढ्या महिन्यांत असं झालं नव्हतं.

उद्या सकाळी परीक्षा सुरू, पहिला पेपर इंग्रजीचा. विमल फाटकाशी उभी होती. मी म्हटलं, बस वाटेत बिघडली आहे, डबा संध्याकाळी येईल, आत जा. खोटं बोलले. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि आत गेली.

दुपारच्या बसनं जाते आहे. अच्युतला सांगितलं आहे, विमल संध्याकाळी येईल, तिला जेवायला घाल आणि मी कुठं गेले ते सांगू नकोस. तो म्हणाला, "टेबलावर वाढतो." वाढ म्हटलं.

९ मार्च

काल दुपारी कमलनगरला उतरले तर समोरच्या अडत दुकानात हावगेप्पा. मामाची अडत आहे. तुरीची पोती मोजत होता. मला पाहून अनवाणीच धावत आला, चपला दुकानाबाहेर काढलेल्या.

"चालत कुठं निघालाव, बाई? सायकल काढतो."

वाटेत मी विचारलं, "पत्राचं उत्तर का दिलं नाहीस?"

"काय लिव्हायचं? तिथं मी चौऱ्याऐंशी होतो, बाई. हितं बाजारातलं कुत्रं बी मला नावानं वळखतंय." मग हसला. "अन् हितं कुणी उभं करत न्हाई."

सायकलच्या मागे बसून बोलता येत नाही.

भागाबाई तापानं फणफणत होती. पिराजी तूर झोडायला दुसऱ्या गावी गेलेला, त्याला कुणी कळवलेलं नव्हतं. हावगेप्पा उलट पावली कमलनगरला गेला आणि डॉक्टरला जीपमध्ये घालून घेऊन आला. डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, हिवताप म्हणाला. घाबरण्यासारखं नाही, पण आठ दिवस उठायचं नाही.

भागाबाईचं एकच चाललेलं. "तिला सांगू नका. ती यील. परीक्षेचा परचा टाकून यील."

"नाही सांगणार."

"डबा गेला न्हाई तर तिला कळतंयच की. म्या उठते पहाटं, दोन थापते."

"उठायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय."

"मग कोण थापील? जाऊ तर म्हणंल, बरं झालं."

परतीची शेवटची बस निघून गेली होती. तिथंच राहिले. पहाटे मी चूल पेटवली.

आमच्याकडे पोळ्या होतात, त्याही ईरम्मा करते. मी भाकरी थापली नव्हती. पहिली परातीतच फाटली. दुसरी तव्यावर टाकताना मोडली. भागाबाई अंथरुणावरून मान उचलून बघत होती.

"पाणी लावा, पाणी. हलक्या हातानं. अवो मारू नका तिला, बाई! ती काय शाळेतली पोर हाय?"

असं म्हणून हसायला लागली आणि खोकली. हसते आहे म्हणजे ताप उतरतो आहे, असं समजून मी तिसरी थापली. ती तव्यापर्यंत सबंध गेली. काठाला चिरा होत्या. चौथी बरी झाली. दोन्ही डब्यात घातल्या, वर चटणी. गाठ भागाबाईनं स्वतः मारली.

स्टँडवर गुंडेरावनं डब्याकडे पाहिलं, माझ्या पिठानं भरलेल्या पदराकडे पाहिलं, आणि आज पहिल्यांदाच विनोद केला नाही. आपल्या मागची जागा दिली.

कॉलेजच्या फाटकाशी विमल उभी होती. पेपर पहिल्या तासाहून उशिरा सुरू होणार होता, अजून वेळ होता. मी म्हटलं, "उपाशी पोटी लिहायचं नाही. इथंच खा."

तिनं डबा उघडला आणि बघत राहिली.

"ही आईची न्हाई."

मी उत्तराच्या तयारीत होते, पण ते उत्तर खोटं होतं आणि ती माझ्याकडे बघत होती.

"तुमी केलाव व्हय?"

"हो."

"आई कशी हाय?"

सगळं सरळ सांगितलं. ताप, डॉक्टर, इंजेक्शन, आठ दिवस विश्रांती. हावगेप्पा संध्याकाळी पुन्हा बघून येणार आहे, पिराजीला निरोप गेला आहे, हेही सांगितलं. तिच्या आईनं सांगू नको म्हटलं होतं, तेही सांगितलं. फाटकातून मुलं आत जात होती. कमलनगरची बस थोड्या वेळानं सुटणार होती, ते तिलाही ठाऊक होतं, मलाही. तिनं मान वळवून स्टँडच्या रस्त्याकडे पाहिलं. मी तिला धरलं नाही. आत जा असंही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं का, अजून कळत नाही.

"उठून बसली का?" तिनं विचारलं.

"बसली. भाकरीवरून मला बोलली."

"काय बोलली?"

सांगितलं. विमल तोंडावर हात धरून हसली. मग खाली बसून सबंध एक भाकरी आणि अर्धी खाल्ली. घंटा झाली. तिनं ओचा झटकला, डबा माझ्या हाती दिला.

"पेपर सुटल्यावर जाते. सांजच्या बसला. उद्याच्या पेपरला पयल्या बसनं येते. येते, बाई, खरंच." आणि आत गेली. चपला घालून, सरळ.

दुपारची बस पेपर सुटायच्या आधी निघते, आणि भागाबाईकडे जाताना हावगेप्पा त्याच बसमधून डबा उतरवून नेणार होता. डबा त्या बसनं गेला नसता तर भागाबाई दिवस मावळेपर्यंत उठून दारात बसली असती. डब्यात अर्धी भाकरी उरली होती आणि डबा तर रिकामा जायला हवा. फाटकाशीच उभं राहून ती मी खाल्ली, कॉलेजच्या नळावर डबा धुतला आणि गुंडेरावच्या हाती दिला.

भाकरी जाड झाली होती. मधे कच्चीही होती.